लघवीची घाई आणि गळती : भंडारदरा परिसरातील बायकांच्या एका दुखण्याचा इतिहास

चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना होणारा लघवीचा त्रास दोन तऱ्हांचा असतो. खोकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी सुटते, ती एक तऱ्हा. एकाएकी अनावर घाई होऊन मोरीपर्यंतही पोचता येत नाही, ती दुसरी. अनेकींना दोन्ही त्रास एकदम होतात. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, पाळी गेल्यावर तिथला भाग आणखी सैल पडतो. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि जड ओझी यांनी त्रास वाढतो.

सह्याद्रीतल्या भंडारदरा परिसरात महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी जमातींतल्या बायकांच्या कष्टांत यातली बरीच कारणे एकवटली. पावसाळ्यात वाकून भाताची आवणी, रानातून लाकडाच्या मोळ्या, डोक्यावर हंडे आणि घरात चुलीचा धूर. प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले, पण ते मुख्यतः खालच्या पट्ट्यातल्या शेतीसाठी होते. वरच्या डोंगरवाड्यांतल्या बायकांची पाण्याची पायपीट त्याने संपली नाही. घरी संडास नसल्याने पहाटेच्या किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. त्यासाठी पाणी कमी पिण्याची सवय लागते, आणि त्याने लघवीचा जंतुसंसर्ग व जळजळ वाढू शकते.

शहरात उपचारांची सोय आधीच होऊ लागली होती : मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी मुंबईतच अंग बाहेर येण्यावर शस्त्रक्रिया विकसित केल्या. हे दुखणे गळतीहून वेगळे असले, तरी बहुधा त्याच सैल पडलेल्या आधारातून उद्भवते. शस्त्रक्रियेखेरीज व्यायामाची वाटही होती : हठयोगातल्या मूलबंधात तळाचे स्नायू आवळण्याची क्रिया पूर्वीपासून होती. १९४८ मध्ये अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी गळतीवर उपचार म्हणून अशाच व्यायामाची पद्धत मांडली.

खेड्यातल्या बाईला मात्र कोणी विचारतच नव्हते. १९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. लाजेखातर लपवलेली दुखणी घरोघरी आहेत, हे त्यातून जगापुढे आले.

भंडारदरा ज्या जिल्ह्यात आहे, त्या तेव्हाच्या नगर जिल्ह्यात लोणीला १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाने संडासांचा प्रश्न ऐरणीवर आणला. २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ या आरोग्य कार्यकर्तीमुळे गावातच एका बाईजवळ मन मोकळे करण्याची सोय झाली.

आजचे उपचार शस्त्रक्रियेपासून सुरू होत नाहीत. आधी लघवीची आणि साखरेची तपासणी करतात. मग तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम रोज, निदान तीन महिने करायचा असतो. घाईच्या त्रासात लघवीच्या दोन वेळांमधले अंतर हळूहळू वाढवतात आणि चहा कमी करतात. पाणी मात्र तोडायचे नसते. एवढ्याने भागले नाही, तर घाईसाठी औषधे आणि खोकताना होणाऱ्या गळतीसाठी शस्त्रक्रिया असते. लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडत असेल किंवा ताप-जळजळ असेल, तर व्यायामावर विसंबून न राहता लगेच डॉक्टरांकडे जावे लागते.