दुष्काळातील दान आणि पाण्याची वाटणी

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या स्मरणात १९७२ हे साल दुष्काळाचे साल म्हणून कायमचे कोरले गेले आहे. लागोपाठच्या वर्षांत पर्जन्याने दगा दिला, विहिरींनी तळ गाठला आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो व कामावर वाटली जाणारी सुकडी हेच लक्षावधी कुटुंबांचे अन्न झाले. मे १९७३ मध्ये शासनाच्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख स्त्री-पुरुष राबत होते. त्यांतील कितीतरी हात रस्त्याच्या कडेला खडी फोडण्यात गुंतले होते. भूक भागली, मनुष्यहानी टळली, हे त्या कामांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि पुढल्या दुष्काळासाठी त्या खडीतून काही उभे राहत नव्हते.

दुष्काळ आणि जैन समाज यांचा संबंध इतिहासात प्रामुख्याने दानाच्या रूपाने येतो. तेराव्या शतकातील कच्छच्या जगडू शाहांनी दुर्भिक्षाच्या काळात आपली धान्याची कोठारे खुली केली, ही कथा आजही व्याख्यानांतून सांगितली जाते. अन्नछत्र, पाणपोई, पांजरपोळ ही त्याच परंपरेची रूपे होत. परंतु शास्त्रपरंपरेत आणखी एक धागा आहे व त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. श्रावकाने जे पंधरा व्यवसाय वर्ज्य मानावेत, त्या पंधरा कर्मादानांत सरोवरे, डोह व तळी शोषून कोरडी करण्याच्या धंद्याचा स्पष्ट समावेश आहे. पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडावी, हा घरोघरचा आचारही त्याच दृष्टीचा. म्हणजे संकट आल्यावर देणे हा एक धर्म, आणि पाण्याचा साठा संपवू नये हा दुसरा. पहिला समाजाने उत्तम पाळला. दुसऱ्याचा अर्थ सार्वजनिक जीवनात कसा लावावा, याचे एक उत्तर १९७२ च्या दुष्काळातूनच पुढे आले, तेही एका देवस्थानाच्या माळरानावर.

पुण्यात अचूक मापनाची उपकरणे बनविणारा कारखाना चालविणारे अभियंते विलासराव साळुंखे त्या काळात दुष्काळी पुरंदर तालुक्यात फिरले. तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी बरे साल म्हणायचे. साळुंखे यांनी नायगाव येथील देवस्थान ट्रस्टची सुमारे ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली आणि पत्नी कल्पनाताई यांच्यासह तेथे प्रयोग आरंभिला. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले. उतारावर समपातळीत बांध घातले, ओघळीवर पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर खोदली आणि विहिरीत पाझरून आलेले पाणी उपसून पुन्हा वरच्या शेतांना दिले. ज्या माळावर कुसळांखेरीज काही उगवत नव्हते, तेथे धान्य पिकू लागले.

देवस्थानाने येथे देणगी दिली नव्हती, आपली निरुपयोगी समजली जाणारी जमीन दीर्घ मुदतीसाठी विश्वासाने दिली होती. अनेक धार्मिक न्यासांकडे अशा जमिनी असतात. त्या कुंपण घालून पडून राहतात अथवा अल्प खंडाने जातात. अर्धशतकाच्या मुदतीचा करार करण्याचे धैर्य नसते, तर नायगावचा प्रयोग झालाच नसता, कारण बांधबंदिस्तीचे फळ दोन-तीन वर्षांत दिसत नाही.

पाणी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला: ते कोणाचे? रूढ पद्धतीने ते ज्याच्याकडे अधिक जमीन त्यालाच अधिक मिळाले असते. साळुंखे यांनी ही पद्धतच उलटी केली. पाण्याचा हक्क जमिनीवर न ठेवता माणशी ठरला: दरडोई अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस व केळी यांसारखी बारमाही पिके घ्यायची नाहीत. खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांनी उचलायचा. वाटपासाठी गटाने आपला पाटकरी नेमायचा. हीच ‘पाणी पंचायत’. पुरंदर व आसपासच्या तालुक्यांतील अनेक गावांत तिच्या योजना उभ्या राहिल्या.

पुढे त्यांतील बऱ्याच बंद पडल्या, हेही नोंदविले पाहिजे. वीजबिले थकली, कोठे स्वतःची विहीर खोदणे ऐपतदार सभासदांना सोयीचे वाटले, कोठे उसाचा मोह आवरला नाही. साळुंखे २००२ मध्ये निवर्तले. पण योजना बंद पडण्याची कारणे पाहिली तर ती बहुधा बांधात वा पाझरात नव्हती. नियम सैल झाले तेथे योजनाही ढासळली.

उसाविषयी दोन शब्द येथेच लिहिणे योग्य. सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील माळरानावर साखर कारखाना उभारून वालचंदनगर वसविले; समाजाने त्याचा यथार्थ अभिमान बाळगला. त्या काळी कालव्याचे पाणी होते व ते वापरणारे थोडे होते. पुढे तेच पीक सर्वत्र पसरले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ज्या मराठवाड्याची तहान वाघिणींनी भागवावी लागली, त्याच मराठवाड्यात साखर कारखाने मात्र दाटीने उभे होते. जळगावचे भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकापासून ठिबक सिंचनाचा प्रसार करून पाणी मुळाशी थेंबाथेंबाने देण्याची सवय शेतकऱ्याला लावली, हे मोठेच कार्य होय. परंतु वाचलेले पाणी आणखी चार एकर उसाकडे वळले, तर भूगर्भातील साठ्याला त्याचा लाभ होत नाही. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग काळ्या कातळाचा आहे. या खडकाच्या भेगांत व झिजलेल्या थरांतच काय ते पाणी मावते. साठा मुळातच तोकडा, म्हणून उपशाचा हिशोब अपरिहार्य.

हा हिशोब उघड्यावर मांडणारे गाव म्हणजे नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सिंचनासाठी बोअर घेण्यास मनाई, ऊस-केळीवर बंदी असे निर्णय ग्रामसभेत झाले. पाऊस किती पडला हे मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. प्रथम पिण्याचे पाणी, मग जनावरे, मग शेती. पाऊस कमी झाला तर रब्बीची पेरणी कमी होते.

या पार्श्वभूमीवर भारतीय जैन संघटनेचे कार्य पाहिले पाहिजे. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये पुण्यात स्थापिलेली ही संघटना १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथील सुमारे १२०० मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतल्यामुळे घराघरांत पोहोचली. २०१३ च्या दुष्काळात तिने बीड जिल्ह्यातील तलावांचा गाळ उपसण्याचे काम हाती घेतले. २०१७ व २०१८ मध्ये पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत श्रमदान करणाऱ्या गावांना तिने यंत्रे पुरविली. २०१८ मध्येच बुलढाणा जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी व पोकलेन यंत्रे शासनाच्या सहकार्याने कामाला लावली. यंत्र संघटनेचे, इंधन शासनाचे आणि गाळ वाहून नेण्याचा भार शेतकऱ्याचा, अशी ती विभागणी होती. जगडू शाहांच्या परंपरेतील दान येथे प्रथमच एवढ्या प्रमाणावर दुष्काळाच्या निवारणाकडून प्रतिबंधाकडे वळले.

गाळाचे गणित साधे आहे. पावसाने शेतातली सुपीक माती धुऊन तलावात नेली. ती तळाशी साचली, साठवण घटली आणि पाझरही मंदावला. उन्हाळ्यात तलाव कोरडा असताना ती काढून मुरमाड शेतात पसरली की ओल अधिक टिकते, खताचा खर्च कमी होतो, आणि तलावाची मूळ साठवण परत मिळते. मात्र कडक खडकापर्यंत नाले खरवडणे म्हणजे जलसंधारण नव्हे. २०१४ नंतरच्या जलयुक्त शिवार अभियानात अशा अशास्त्रीय खोलीकरणावर जाणकारांनी कठोर टीका केली होती व ती रास्त होती. यंत्रांचे तास मोजून अहवाल सजविणे सोपे असते. गाळ काढण्यापूर्वी तलावाची साठवण मोजणे, पाणलोटात वरच्या बाजूला बांध घालणे (अन्यथा गाळ पुन्हा येतोच) आणि वाढलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरविणे, ही कष्टाची कामे आहेत. देणगीदार न्यासाने यंत्राचा धनादेश देण्यापूर्वी गावाकडून तसा ठराव मागितला, तर गावही त्याचा विचार करील. शहरातील न्यासाला आपल्या भवनाच्या छतावरील पाणी स्वतःच्या जुन्या विहिरीत सोडण्यासाठी तर कोणाच्या ठरावाचीही गरज नाही.

गाळ कोणाच्या शेतात गेला, हा प्रश्न उरतोच. शासनाच्या २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत वाहतुकीचा खर्च शेतकऱ्यानेच करायचा होता. ज्याच्या दारी ट्रॅक्टर, त्याला हा गाळ उचलणे सोपे. तलावाच्या काठी असूनही अल्पभूधारकाला, विधवेला तो दुरूनच पाहावा लागे. जानेवारी २०२३ मध्ये योजना नव्याने आखताना ही उणीव ध्यानात घेतली गेली. अत्यल्प व अल्पभूधारक, विधवा, दिव्यांग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना गाळ वाहून पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरले, आणि त्यालाही मर्यादा घालण्यात आली: एका शेतकऱ्यास अडीच एकरांपर्यंत, अर्थात जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. अडीच एकर ही मर्यादा पाणी पंचायतीने नायगावच्या माळावर कित्येक दशके आधीच घालून घेतली होती.