शिकारीचा परवाना कोणाच्या हाती?

अमेरिकेत शिकारीचा परवाना दुकानात मिळतो. बंदुका आणि मासेमारीचे सामान विकणारा दुकानदार किंवा वॉलमार्टसारखे मोठे भांडार राज्य सरकारच्या वतीने तो विकते. अशा दुकानदारांवरच्या अटी सैल कराव्यात, म्हणजे गावोगाव परवाना सहज मिळेल, अशी मागणी तिथे होत असते. नाशिकच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. आपल्याकडे शिकारीचा परवाना दुकानात कधी विकला गेला नाही. तो कचेरीतून मिळत असे, आणि १९९१ पासून हौशी शिकारीसाठी मिळणेच बंद झाले. पण त्यामागचा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. मक्याच्या उभ्या पिकात रानडुकरांचा कळप शिरला की शेतकरी विचारतो, मारायची परवानगी कोण देणार आणि किती दिवसांत देणार? ही परवानगी सोपी करावी की कडक ठेवावी, यावर वाद झडतो. नाशिक जिल्ह्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हा वादच चुकीच्या टोकाला धरला गेला आहे असे दिसते. परवाना सोपा होता म्हणून रान बुडाले नाही आणि कठीण होता म्हणून वाचलेही नाही. परवाना देणाऱ्याला जिवंत जनावरांचा हिशेब द्यावा लागत होता की नाही, यावर रानाचे भवितव्य ठरत आले.

आरंभ १८७८ पासून करावा लागतो, कारण त्या एकाच वर्षी दोन कायदे आले. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदूक बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. पिकांच्या राखणीसाठी आणि हिंस्र जनावरे मारण्यासाठी परवाने मिळत, पण ते देणारा होता जिल्हा मॅजिस्ट्रेट, म्हणजे कलेक्टर. अर्जदाराकडे पाहताना त्याच्यापुढे पहिला प्रश्न असे तो सरकारच्या सुरक्षिततेचा. रानात भेकरे किती उरली हा प्रश्न त्याच्या कामाचाच नव्हता. या कडकपणाने सरकारची सुरक्षितताही साधली नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल लंडनहून चोरून आणलेल्या साठ्यातले होते. परवान्याच्या जाचात अडकला तो पिकाची राखण करणारा कुणबी. काँग्रेसनेही आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले, आणि १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत स्वसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळावा व त्यावर लोकांचे नियंत्रण असावे, ही एक मागणी होती.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने, भारतीय वन अधिनियमाने, राखीव जंगलातील शिकार, फासे लावणे आणि पाण्यात विष कालवून मासे मारणे हे सरकारी नियमांखाली आणले. पेठ संस्थान १८७८ मध्येच तिथल्या बेगमेच्या मृत्यूनंतर खालसा होऊन नाशिक जिल्ह्याचा तालुका बनले होते. शेजारचे सुरगाणा मात्र १९४८ पर्यंत संस्थानच राहिले, आणि ब्रिटिश मुलखाचा वनकायदा तिथे आपोआप लागू होत नव्हता. एकाच डोंगररांगेतल्या भेकराने ओढा ओलांडला की ते दुसऱ्या राज्याच्या नियमाखाली जाई. कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी यांच्यासाठी ससा, तितर, रानडुक्कर हे पावसाळ्याआधीच्या टंचाईतले अन्न होते आणि शिकारीची वाटणी हा गावकीचा रिवाज होता. तिरकमठा आणि वाघूर घेऊन निघालेला माणूस आता गुन्हेगार ठरू लागला, तर मचाणावर बसलेला साहेब परवानाधारक. एवढे करूनही जनावरांची मोजदाद कोणी ठेवली नाही. उलट वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळे, आणि त्यासाठी कातडे किंवा मुंडके पुरावा म्हणून दाखवावे लागे. म्हणजे दप्तरात मेलेली जनावरे मोजली जात होती. इतिहासकार महेश रंगराजन यांनी अशा बक्षिसांच्या नोंदींवरून दाखवले आहे, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये वाघाची नोंद आहे. आज जिल्ह्यात वाघाची वस्ती नाही.

विक्रेत्याला लगाम घालण्याचा प्रयत्नही त्या काळात झाला, आणि आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने तो फार बोलका आहे. १८८७ च्या वन्यपक्षी संरक्षण कायद्याने नगरपालिका आणि छावणीच्या हद्दीत, विणीच्या हंगामात, ताजे मारलेले रानपक्षी बाळगणे आणि विकणे यांवर बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. नाशिक शहर किंवा देवळालीची छावणी अशा ठिकाणी तितर-लावे विकणाऱ्याला धरता येत होते, पण हद्दीबाहेरच्या माळावर तेच पक्षी पकडणाऱ्याला कायदा शिवत नव्हता. १९१२ च्या कायद्याने ठरावीक पक्षी-प्राण्यांसाठी बंद हंगामाची तरतूद आणून ही उणीव काही अंशी भरली. दुसरा विक्रेता बंदूकवाला. त्याच्यावरचा लगाम पक्का होता आणि आजही आहे. त्याने नोंदवही ठेवायची, कोणाला काय विकले ते लिहायचे, आणि गिऱ्हाइकाच्या परवान्यावर काडतुसांची खरेदी चढवायची. शाईने भरलेली ती पाने पाहिली तर व्यवस्थेचा सारा स्वभाव कळतो. पंचवीस काडतुसे कोणत्या तारखेला गेली हे तिथे सापडते. त्यांतल्या एकाने सांबर पडले की ससा, नर पडला की गाभण मादी, याला रकाना नाही. काडतुसांचा हिशेब चोख होता, रानाचा हिशेब कोणाकडेच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर हे बदलण्याची पहिली मोठी खटपट मुंबई राज्यानेच केली, आणि नाशिक तेव्हा त्याच राज्यात होते. १९५१ च्या मुंबई वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याने जनावरांची प्रतवारी लावून शिकारीचे परवाने ठरवले. पण कागदावरच्या या प्रतवारीपेक्षा बाजार वेगाने धावला. जीपगाड्या, झगझगीत दिवे आणि लांब पल्ल्याच्या रायफली आल्या. परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीची सफर विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. विद्याचरण शुक्ल यांची नागपूरची ॲल्विन कूपर ही त्यांतली नावाजलेली. या कंपन्या बेकायदा नव्हत्या. वनखात्याचे शिकारीचे गट आरक्षित करून, फी भरून, परवाना हाती घेऊनच त्या गिऱ्हाईक आणत. खासगी विक्रेत्याने शिकार सोपी करून विकण्याचा आपल्या देशातला हा सर्वांत जवळचा दाखला आहे. फी जमा होत गेली, पण फी घेणाऱ्याला वाघ किती उरले हे सांगण्याची सक्ती नव्हती. १९६९ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची परिषद भरली, १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, आणि १९७२ ची पहिली देशव्यापी गणना झाली तेव्हा आकडा निघाला सुमारे १,८२७. मोजणी आधी झाली असती, तर परवाने इतक्या सहज सुटले नसते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही चूक ओळखली होती. मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. विशेष शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार आणि जिवंत पकडणे असे चार परवाने होते. ते देण्याचे काम वन्यजीव विभागाकडे आले, आणि परवानाधारकाने मारलेल्या प्राण्यांची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. परवाना देणारा आणि जनावरांबद्दल जाब द्यावा लागणारा हात प्रथमच एक झाला. १९९१ च्या दुरुस्तीने हे परवाने रद्द केले, आणि त्या काळची घसरण पाहता ते योग्यच होते. मात्र एक खिडकी उघडी राहिली. कलम ११ खाली माणसाच्या जिवाला, आणि पहिल्या अनुसूचीबाहेरच्या प्राण्यांबाबत उभ्या पिकालाही, धोका असेल तर अधिकारी मारण्याची परवानगी देऊ शकतो. पहिल्या अनुसूचीतील बिबट्यासाठी तो अधिकार फक्त मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे. दुसरीकडे १९५९ चा शस्त्र कायदा पिकांच्या खऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे सांगतो, तर वन्यजीव कायद्याचे कलम ३४ अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीवाचून नवा शस्त्र परवाना देऊ नये असे म्हणते. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर अभयारण्य, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, त्याच्या भोवतालचा शेतकरी या दोन कायद्यांच्या मधोमध उभा असतो.

इथे तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की अमेरिकेत परवाने सहज विकूनच वन्यजीव सावरले. हे खरे आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, आणि राज्याचा वाटा ठरवताना तिथल्या परवानाधारकांची संख्या धरली जाते. पण तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांकडे जातो आणि तेच विभाग मोजणी करून हंगाम व मर्यादा ठरवतात. दुकानदार फक्त कागद देतो. ही मागची घडी न आणता पुढचा गल्ला तेवढा आणला, तर आपल्याकडे साठच्या दशकाचीच पुनरावृत्ती होईल. दुसरा आक्षेप असा, की परवानगी अवघड ठेवणे हेच संरक्षण आहे. पण वेळेत उत्तर न मिळालेला शेतकरी कुंपणात वीज सोडतो, कोणी गावठी बॉम्ब पेरतो. त्या तारेत डुकराऐवजी बिबट्या मरतो, गाय मरते, कधी माणूसही मरतो, आणि यांतले काहीच परवान्याच्या वहीत येत नाही. नोंदीबाहेर मारलेले जनावर नोंद करून मारलेल्या जनावरापेक्षा रानाला अधिक घातक असते, कारण पुढच्या वर्षीचा निर्णय त्याला धरून घेताच येत नाही. तिसरा आक्षेप आदिवासींचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचे अनेक हक्क परत दिले, पण पारंपरिक शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला. ज्यांनी हे रान सर्वांत कमी लुटले त्यांच्यावर बंदी सर्वांत जड पडली, ही वेदना मान्य केलीच पाहिजे. त्यांना शिकार परत द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण आजचे उरलेले रान ती पेलणार नाही. पण रान मोजण्याच्या कामात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांचा पहिला मान आहे, आणि तो कागदावर यायला हवा.

या इतिहासाच्या उजेडात आजच्या सवलती पाहाव्यात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व नीलगायीबाबत परवानगीची रीत सोपी केली. केरळने २०२२ मध्ये तर पिकांत शिरणारी रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले. अधिकारी शेताजवळ आणण्याची ही दिशा बरोबर आहे, कारण बांधावरची नासाडी मंत्रालयातून दिसत नाही. पण केवळ जवळ असणे पुरेसे नाही. जो सही करतो त्याने वर्षाअखेर किती परवानग्या दिल्या, किती जनावरे पडली, त्यांत नर-मादी किती आणि शिवारात अंदाजे किती उरली, हे ग्रामसभेत वाचून दाखवले पाहिजे. अर्ज सेवा केंद्रात घ्या, दुकानात घ्या, फोनवर घ्या. ती सोय शेतकऱ्याचा हक्क आहे. निर्णय ठरलेल्या मुदतीत द्या. परंतु सही वनक्षेत्रपालाची असो की सरपंचाची, तिच्यासोबत शिवाराच्या मोजणीची जबाबदारी आली नाही, तर ती सही देऊ नये. परवाना विकण्याची किंवा वाटण्याची सोय वाढवायची असेल, तर आधी मोजणारी माणसे वाढवा. नाशिकच्या रानाने या क्रमाची अदलाबदल एकदा भोगली आहे. पुन्हा भोगायला तिथे फारसे काही उरलेले नाही.