मनोरुग्ण आणि मनोविकल

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयावर पाटी कोणतीही असो, शेजारच्या चौकाला शहर अजून पागलखाना चौकच म्हणते. पण हा केवळ जुन्या आणि नव्या, उर्मट आणि सभ्य शब्दांचा झगडा नाही. 'मनोरुग्ण' हा वैद्यकाचा शब्द: मन आजारी आहे, उपचार हवेत. 'मनोविकल' हा कायद्याचा: भलेबुरे समजून व्यवहार करण्याची कुवत या माणसात नाही. नागपूरची संस्था 1864 ची. तेव्हा लागू असलेल्या 1858 च्या कायद्याने वेड्याची व्याख्याच मनोविकल अशी केली होती आणि 1912 च्या कायद्यानेही तीच री ओढली. दोन शब्दांची गाठ तिथे बसली. दाखल झाला तो वेडा आणि वेडा तो मनोविकल, असा लोकांचा हिशेब झाला.

खरे तर हा फरक त्याही काळी ठाऊक होता. 1872 च्या करार कायद्यातले एक उदाहरणच वेड्यांच्या इस्पितळातल्या रुग्णाचे आहे. अधूनमधून तो शुद्धीवर येत असेल, तर तेवढ्या काळात त्याने केलेला करार वैध ठरतो. 1987 च्या कायद्याने मनोरुग्णाची व्याख्या उपचाराच्या गरजेवर बेतली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गाठ पुरती सोडवली: मानसिक आजाराचे निदान झाले, एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही, तसे सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते.

यावर कोणी म्हणेल, हा कागदी काथ्याकूट आहे; आजार बळावला की माणसाला कसले भान राहते? काहींना राहत नाही, हे खरेच. म्हणूनच उपचाराला संमती देताना माहिती कळते का, परिणामांची जाण आहे का, निर्णय सांगता येतो का, हे त्या त्या वेळी पाहायचे असते. दुसरा आक्षेप असा की 'मनोरुग्ण' हीसुद्धा आता शिवी झाली आहे. झाली असेल, पण या शब्दाचे मोल सभ्यपणात नाही, तो माणसाचे काय हिरावून घेत नाही यात आहे. मतदार यादीतून नाव वगळायलाही न्यायालयाचीच घोषणा लागते. केवळ इस्पितळाचे कागद दाखवून कोणाचे मत किंवा शेताच्या व्यवहारातली सही बाद करता येत नाही.