मध्यरात्रीची जाग

पन्नाशी उलटल्यावर पुष्कळांस एक अनुभव येतो. रात्रीं दोनच्या सुमारास कारण नसतां जाग येते आणि उद्यांचें काम कसें होणार या काळजीनें उरलीसुरली झोंपहि पळून जाते. अशी जाग म्हणजे विकारच, असें आपण गृहीत धरतों. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

अमेरिकन इतिहासकार रॉजर ईकर्च यांनीं 2001 सालच्या एका निबंधांत आणि 2005 सालच्या ग्रंथांत, यूरोपांतील जुन्या रोजनिश्या, न्यायालयांतील जबान्या व वैद्यकग्रंथ यांच्या आधारें असें मत मांडलें कीं, औद्योगिक क्रांतीपूर्वीं तिकडील लोक सामान्यतः दोन टप्प्यांत झोंपत. 'पहिली झोंप' मध्यरात्रीच्या सुमारास संपे. मग तासभर किंवा अधिक वेळ कोणी प्रार्थना करी, कोणी विस्तव सारखा करी, कोणी अंथरुणांतच गप्पा मारी. नंतर 'दुसरी झोंप' उजाडेपर्यंत लागे. जबानी देणारा साक्षीदार 'पहिल्या झोंपेनंतर' असें सहज बोलून जाई, जसें आपण 'जेवणानंतर' म्हणतों.

हा क्रम मोडला तो मुख्यतः उजेडानें. पॅरिसमध्यें 1667 सालीं रस्त्यांवर कंदील टांगले गेले; लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर 1807 सालीं ग्यासचे दिवे लागले; पुढें वीज आली. निजण्याची वेळ लांबली, पण कारखान्याच्या भोंग्यानें उठण्याची वेळ बांधून टाकली. दोन झोंपांस पुरेल एवढी रात्रच उरली नाहीं. डॉ. टॉमस वेअर यांनीं अमेरिकेंत कांहीं निरोगी माणसांस चार आठवडे रोज 14 तास अंधारांत ठेविलें, तेव्हां त्यांची झोंप आपोआप दुभंगली, असें त्यांनीं 1992 सालीं प्रसिद्ध केलें.

सर्व मानवजात अशीच झोंपे, असें मात्र म्हणतां येत नाहीं. टांझानियांतील हाद्झांसारख्या, विजेवांचून राहणाऱ्या तीन जमातींच्या 2015 सालच्या अभ्यासांत बहुधा सलग झोंपच आढळली. तथापि मध्यरात्रीं जागें होणें मनुष्यास अपरिचित नाहीं, एवढें निश्चित.

जाग आल्यास घड्याळ किंवा फोन पाहूं नये. झोंप न लागल्यास उठून मंद उजेडांत कांहीं वाचावें, पेंग आली कीं निजावें, आणि सकाळीं नेमक्या वेळीं उठावें, असा हल्लींच्या वैद्यांचाहि सल्ला असतो. झोंपेंत श्वास अडत असेल किंवा दिवसा ग्लानि येत असेल, तर वैद्यास भेटलेंच पाहिजे. एरवीं, ज्या घटकेस पूर्वींचीं माणसें निवांत बोलत बसत, त्या घटकेस आपण तरी भिऊन कां राहावें?