एक हजारांश सेकंद: मर्लिन ऑटी हरली म्हणजे नक्की काय झालं?

हा या भागाचा लिखित मसुदा. ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकता आलं नाही, किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी. बोलता बोलता जी वाक्यं अर्धवट राहिली होती, ती इथे पूर्ण केली आहेत.

तर आजची गोष्ट दोन आकड्यांची आहे. 10.82 आणि 10.82.

तारीख 16 ऑगस्ट 1993. ठिकाण जर्मनीतलं श्टुटगार्ट. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा, महिलांची 100 मीटर, अंतिम फेरी. अमेरिकेची गेल डीव्हर्स आणि जमैकाची मर्लिन ऑटी रेषेवर एकत्रच पोचल्या. एकत्र म्हणजे अगदी एकत्र. स्टेडियममधल्या कोणालाही, खुद्द त्या दोघींनाही, कोण जिंकलं ते कळलं नाही. काही मिनिटं नुसती वाट बघणं. मग बोर्डावर दोघींच्याही नावापुढे 10.82 आलं. सुवर्ण डीव्हर्सला, रौप्य ऑटीला.

आता कोणीही विचारेल, वेळ सारखी तर मग पदक वेगळं कसं? इथेच मला हा विषय भयंकर आवडतो, कारण याचं उत्तर अर्धं खेळात आहे आणि अर्धं आमच्या धंद्यात, म्हणजे राउंडिंगमध्ये.

ॲथलेटिक्समध्ये कॅमेरा वेळ मोजतो ती हजारांश सेकंदापर्यंत. पण अधिकृत वेळ जाहीर करतात ती शतांशात. आणि हे करताना शाळेत शिकवलं तसं, पाचच्या वर असेल तर वर आणि खाली असेल तर खाली, असं करत नाहीत. नेहमी वरच्याच शतांशाला नेतात. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगायचं तर राउंड नाही, सील. डीव्हर्सची मूळ वेळ होती 10.811 आणि ऑटीची 10.812. शाळेच्या हिशोबाने दोन्ही 10.81 झाल्या असत्या. खेळाच्या नियमाने दोन्ही 10.82 झाल्या. पण क्रमांक लावताना बघतात तो मूळ आकडा, आणि तिथे फरक होता एक हजारांश सेकंदाचा.

एक हजारांश सेकंद म्हणजे किती? शेवटच्या टप्प्यात या बायका सेकंदाला साधारण दहा मीटर धावत असतात. म्हणजे एक सेंटिमीटर. तुमच्या करंगळीच्या नखाएवढं अंतर, शंभर मीटर धावल्यानंतर.

फोटो-फिनिश म्हणतो ते प्रकरणही थोडं समजून घेऊ, कारण बहुतेकांना वाटतं तो फोटो असतो. तो आपल्या मोबाइलवरच्या फोटोसारखा फोटो नसतोच. तो कॅमेरा फक्त एका अरुंद फटीतून फक्त रेषेकडे बघतो. सेकंदात शेकडो-हजारो वेळा त्या रेषेची एक उभी पट्टी टिपतो आणि त्या पट्ट्या एकमेकींना चिकटवत जातो. म्हणजे त्या चित्रात डावीकडून उजवीकडे जाताना जागा बदलत नाही, वेळ बदलते. संपूर्ण चित्रभर जागा एकच आहे, रेषा. म्हणूनच त्यात पाय विचित्र लांबलेले दिसतात आणि बूट केळ्यासारखे वाकलेले. रेषेवर जो अवयव रेंगाळला तो लांब दिसतो, झपकन गेला तो बारीक.

मग पंच त्या चित्रावर एक उभी रेघ सरकवतो आणि प्रत्येकीच्या धडाची सगळ्यात पुढची कड शोधतो. फक्त धड. डोकं, मान, हात, पाय, काहीही धरत नाहीत. म्हणून धावपटू शेवटच्या क्षणी छाती पुढे टाकतात. आपल्याकडे ही गोष्ट पी. टी. उषामुळे घराघरात माहीत झाली. 1984, लॉस एंजेलिस, 400 मीटर अडथळ्यांची शर्यत. रुमानियाची क्रिस्तिना कोजोकारू 55.41, उषा 55.42. कांस्यपदक गेलं. छाती पुढे टाकायला हवी होती, हे वाक्य त्यानंतर भारतात किती शिक्षकांनी किती मुलांना ऐकवलं असेल!

असो. ऑटीकडे येऊ, कारण श्टुटगार्टचा तो एक सेंटिमीटर कोणाच्या वाट्याला आला हे महत्त्वाचं आहे.

मर्लिन ऑटीचा जन्म 1960 चा, जमैकातला. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 200 मीटरचं कांस्य मिळवलं तेव्हा ती वीस वर्षांची. (त्याच ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांची उषाही धावली होती.) 1984 ला पुन्हा कांस्य, एक नाही, दोन. 1987 च्या जागतिक स्पर्धेत 100 आणि 200, दोन्हीत कांस्य. 1991 ला पुन्हा दोन्हीत कांस्य. लोकांनी तिला नाव ठेवलं, ब्राँझ क्वीन. कौतुकाने म्हणायचे की टोमणा होता, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून. मला विचाराल तर टोमणाच जास्त. पंधरा-वीस वर्षं जगातल्या पहिल्या तिघींत असणं ही साधी गोष्ट आहे का?

1992 च्या बार्सिलोनातली 100 मीटरची फायनल तर वेडेपणा होता. पहिल्या पाच जणींच्या वेळा बघा: 10.82, 10.83, 10.84, 10.86, 10.88. पाच बायका सहा शतांशांत. पहिली डीव्हर्स. आणि पाचवी, 10.88 धावूनही हात रिकामे, ती ऑटी.

डीव्हर्सलाही व्हिलन करून चालणार नाही बरं. तिला ग्रेव्हज डिसीज होता, थायरॉईडचा आजार. उपचारांच्या काळात पायांची अवस्था इतकी बिघडली की पाय कापावे लागतील अशी वेळ आली होती. त्यातून उठून दीडएक वर्षात ती ऑलिंपिक विजेती झाली. म्हणजे श्टुटगार्टला एका बाजूला ही आणि दुसऱ्या बाजूला तेरा वर्षं सोन्याच्या मागे पळणारी ती. कोणाच्या बाजूने उभं राहायचं?

श्टुटगार्टच्या प्रेक्षकांनी मात्र ठरवलं होतं. ऑटीसाठी लोक उभे राहून कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. काही दिवसांनी त्याच मैदानात 200 मीटरची फायनल झाली. ऑटी 21.98, ग्वेन टॉरेन्स 22.00. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पहिलं वैयक्तिक जागतिक सुवर्ण. यावेळी फरक दोन शतांशांचा, आणि तिच्या बाजूने.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण तीन वर्षांनी अटलांटा आलं.

27 जुलै 1996. त्याच दिवशी पहाटे ऑलिंपिक पार्कमध्ये बॉम्बस्फोट झाला होता, शहर हादरलेलं होतं. तरी संध्याकाळी महिलांची 100 मीटर फायनल झाली. डीव्हर्स 10.94. ऑटी 10.94. टॉरेन्स 10.96. पुन्हा तीच दोघी, पुन्हा तीच वेळ, पुन्हा तोच फोटो. मूळ आकडे 10.932 आणि 10.937. सुवर्ण डीव्हर्सला. जमैकाने निकालाविरुद्ध तक्रार केली, ती फेटाळली गेली. नंतर 200 मीटरमध्येही ऑटीला रौप्यच मिळालं. ती छत्तीस वर्षांची होती.

आता माझा मुद्दा. पाच हजारांश सेकंद खरे होते का? म्हणजे कॅमेऱ्याने मोजले, ते मान्यच. शेवटची रेषा एक, कॅमेरा एक, घड्याळ एक. तिथे मला शंका नाही. पण शर्यत शेवटच्या रेषेवर सुरू होत नाही ना!

सुरुवात होते बंदुकीच्या आवाजाने. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळजवळ तीन हजारांश सेकंद. एक लेन 1.22 मीटर रुंद. स्टार्टर पहिल्या लेनच्या बाजूला उभा असेल तर आठव्या लेनला तो आवाज साधारण 25 हजारांश सेकंद उशिरा पोचेल. श्टुटगार्टचा निकाल एका हजारांशाने लागला, हे डोक्यात ठेवा. म्हणूनच मोठ्या स्पर्धांत प्रत्येकीच्या ब्लॉकमागे स्पीकर ठेवायची पद्धत आली. तो उपाय चांगला आहे. तरीही साखळीत आणखी कड्या आहेत: लेनची आखणी, ब्लॉकची जागा, पंचाने चित्रात शोधलेली धडाची कड. यातली प्रत्येक कडी एका सेंटिमीटरच्या आत अचूक आहे, असं छातीठोकपणे कोण सांगेल?

पोहण्याच्या खेळाने हा प्रश्न स्वतःला विचारला. 1972, म्युनिक, 400 मीटर मेडली. स्वीडनचा गुन्नार लार्सन 4:31.981, अमेरिकेचा टिम मॅकी 4:31.983. दोन हजारांशांनी सुवर्ण ठरलं. अंतरात बघितलं तर जेमतेम तीन मिलिमीटर. मग लोकांच्या लक्षात आलं की तलावाच्या दोन लेनच्या लांबीत बांधकामामुळे यापेक्षा जास्त फरक असू शकतो. म्हणजे आपण पोहणारा मोजतोय की गवंड्याचं काम? पोहण्याने हजारांश सोडून दिले. शतांशापर्यंत सारखे असाल तर बरोबरी, विषय संपला. 1984 ला नॅन्सी हॉगशेड आणि कॅरी स्टाइनसायफर यांना 100 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण दोघींना मिळालं. कोणाचंही काही बिघडलं नाही.

ॲथलेटिक्सने हजारांश ठेवले. मोजता येतंय म्हणून मोजत राहायचं, हा मोह आम्हा इंजिनिअर लोकांना चांगला माहीत आहे. डॅशबोर्डवर दशांशचिन्हानंतर सहा आकडे दाखवले की रिपोर्ट एकदम भारी वाटतो, पण मूळ सेन्सर दोन आकड्यांपर्यंतच खात्रीचा असतो. माझं मत विचाराल तर 1993 आणि 1996, दोन्ही सुवर्णं दोघींना मिळायला हवी होती. डीव्हर्सचं काही कमी झालं नसतं.

आणि हजारांशही कधी कधी हात टेकतात. 23 जून 2012, युजीन, अमेरिकेची ऑलिंपिक निवड चाचणी. 100 मीटरमध्ये तिसऱ्या जागेसाठी ॲलिसन फेलिक्स आणि जेनेबा टार्मो. आधी टार्मो तिसरी म्हणून जाहीर, एका हजारांशाने. मग फोटो पुन्हा तपासला. हातामुळे खांद्याची कड नीट दिसत नव्हती, पंचाने तिथे अंदाजाने रेघ मारली होती. निकाल बदलला: दोघीही 11.068. आता करायचं काय? संघटनेकडे नियमच नव्हता. घाईघाईत नियम केला, नाणं उडवा किंवा पुन्हा धावा. पुन्हा धावायचं ठरलं, आणि त्या दिवशी टार्मोने माघार घेतली. एकदा तिसरी म्हणून जाहीर झालेल्या मुलीला ती जागा पुन्हा सिद्ध करायला सांगणं! तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, तुम्हीच सांगा. लंडनला ती रिलेच्या प्राथमिक फेरीत धावली आणि संघाच्या सुवर्णात तिचा वाटा आला, हे त्यातल्या त्यात बरं.

ऑटीचं पुढे काय झालं? 1999 मध्ये नँड्रोलोन चाचणीत नाव आलं, 2000 मध्ये क्रीडा लवादाने बंदी उठवली. सिडनीच्या निवडीवरून जमैकात रान उठलं, कारण चाचणीत ती चौथी होती आणि पहिल्या आलेल्या मुलीला बाजूला करून तिला 100 मीटरमध्ये घेतलं. यात मी तिची बाजू घेणार नाही, ज्या मुलीची जागा गेली तिचं काय? सिडनीत ऑटी चौथी आली, 11.19. तिसरी आलेली तिचीच सहकारी तायना लॉरेन्स, 11.18. हो, पुन्हा एक शतांश. मग पहिली आलेली मॅरियन जोन्स उत्तेजकांमध्ये अडकली, पदकं परत गेली आणि डिसेंबर 2009 मध्ये ऑटीला कांस्य मिळालं. नऊ वर्षं उशिरा, टपालाने आल्यासारखं. एकूण ऑलिंपिक पदकं नऊ. सुवर्ण शून्य.

तोपर्यंत ती स्लोव्हेनियाची नागरिक झाली होती. 2004 ला अथेन्समध्ये त्या देशाकडून धावली. 2012 च्या युरोपीय स्पर्धेत स्लोव्हेनियाच्या 4 गुणिले 100 रिले संघात एक बाई बावन्न वर्षांची होती. संघ अंतिम फेरीत गेला नाही.

आणि जमैकाला महिलांच्या 100 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं ते 2008 मध्ये, बीजिंगला. शेली-ॲन फ्रेझर, 10.78. तिच्या मागे तिच्याच देशाच्या शेरॉन सिम्पसन आणि केरॉन स्ट्युअर्ट, दोघीही 10.98. फोटो बघितला गेला, आणि यावेळी दोघींना वेगळं केलं नाही. दोन्ही रौप्य. कांस्य कोणालाच दिलं नाही.

पुढच्या भागात भेटू. तोवर श्टुटगार्टच्या त्या फायनलचा व्हिडिओ स्लो करून बघा, आणि कोण जिंकलं असं तुम्हाला वाटलं ते कळवा.