सुटकेनंतरचे आयुष्य : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

गुन्हा का घडतो आणि शिक्षा किती व्हावी, यावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. शिक्षा भोगून आलेला माणूस पुढे कसा जगतो, हा विषय मात्र मोजक्यांच्याच हाती राहिला आहे. समाजकार्य, कायदा, मानसशास्त्र, कोणत्याही वाटेने इकडे वळणाऱ्याचे मनापासून स्वागत. हा विषय एकट्या शास्त्राला पेलणारा नाही.

सुरुवात स्वतंत्रपूरपासून करावी. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये ही खुली वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा ध्यास आणि राजे भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा यांतून कैदी भिंतीबाहेर आले, शेती करू लागले, बायकामुलांसह राहू लागले. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाने हा प्रयोग देशभर पोचवला. चित्रपटाचा नायक जेलर आहे. अभ्यासकाने मात्र नजर त्या बायकामुलांवर ठेवावी. शिक्षेच्या काळात संसार मोडला नाही, तर सुटल्यावर तो शून्यातून मांडावा लागत नाही. पुनर्वसन सुटकेच्या बऱ्याच आधी सुरू व्हायला हवे, असे मी म्हणतो ते यामुळेच.

आज अडचण निराळी आहे. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांतील दर चार बंद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते. त्यांना शिक्षा झालेलीच नाही, त्यामुळे सुटकेची तारीख नाही आणि बाहेर पडण्याची तयारीही नाही. जामीन मिळाला तरी जामीनदार मिळत नाही. तोही मिळाला, तर एखाद्या संध्याकाळी माणूस रस्त्यावर येतो. तोवर नोकरी गेलेली, खोली दुसऱ्याला दिलेली, आणि कोर्टाच्या तारखा चालूच. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा माणसांसोबत काम करतो आहे. नवख्याने तिथली कार्यपद्धती जरूर समजून घ्यावी.

कायद्यातली एक तफावतही तपासण्याजोगी आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यानुसार तुरुंगात न पाठवता सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. शिक्षा पूर्ण भोगलेल्याला हे संरक्षण नाही. चारित्र्य पडताळणीत तो पुन्हा पुन्हा अडतो.

सर्वांत कमी अभ्यास झाला आहे तो स्त्रियांचा. सासरने दार लावलेले, माहेरही दुरावलेले, मुले कोणाकडे आहेत याचा पत्ता नाही. नव्या अभ्यासकांनी आधी हेच काम हाती घ्यावे, असा माझा आग्रह आहे.