अत्रे आणि बोलपट

प्रल्हाद केशव अत्रे यांच्या चरित्रांत रंगभूमि, वर्तमानपत्र आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांनीं इतकी जागा व्यापली आहे कीं, त्यांच्या चित्रपट-व्यवसायाकडे लक्ष जातें तें ओझरतेंच. वस्तुतः १९३७ पासून सुमारें १७ वर्षें हा पुरुष बोलपटांच्या धंद्यांत वावरत होता. आणि त्यांतील बराच काळ नुसता लेखक म्हणून नव्हे, तर नफानुकसानीचा धनी म्हणून.

पुण्याच्या शाळेंतील मुख्याध्यापकी, ‘झेंडूचीं फुलें’ मधील विडंबन आणि ‘साष्टांग नमस्कारा’पासूनचीं नाटकें एवढी शिदोरी घेऊन अत्रे कोल्हापूरच्या हंस पिक्चर्ससाठीं लिहूं लागले. दिग्दर्शक मास्टर विनायक. १९३७ सालीं ‘धर्मवीर’, १९३८ सालीं ‘ब्रह्मचारी’, १९३९ सालीं ‘ब्रँडीची बाटली’. देवादिकांच्या आणि संतांच्या कथांवर पोसलेल्या मराठी बोलपटाला हीं पात्रें नवीं होतीं. एक तरुण व्याख्यान ऐकून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि लवकरच प्रेमांत पडतो. दुसरा, म्युनिसिपालिटींतला भाबडा कारकून, ब्रँडीची बाटली शोधीत गांवभर हिंडतो. प्रेक्षक हंसत होते ते मुख्यतः संवादांना. नाटककाराचा कान येथें कामीं आला होता.

पण स्टुडिओंत शेवटचा शब्द लेखकाचा नसतो. अत्र्यांसारख्या स्वभावाला तें मानवणारें नव्हतें. नवयुग चित्रपट कंपनींतून ते बाहेर पडले आणि अत्रे पिक्चर्स ही स्वतःची संस्था त्यांनीं काढली. १९४१ सालीं ‘पायाची दासी’ आणि १९४२ सालीं ‘वसंतसेना’ हीं चित्रें गजानन जागीरदारांच्या दिग्दर्शनाखालीं निघालीं. मग युद्धामुळें कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलें. लहान निर्मात्याचे हातपायच बांधले गेले. पुढच्या कांहीं वर्षांतील चित्रांविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं.

१९५३ सालच्या ‘श्यामची आई’ची गोष्ट मात्र निराळी. साने गुरुजींनीं तें पुस्तक १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. त्यांत ४२ रात्री आहेत, पण रूढ अर्थानें कथानक नाहीं. खलपुरुष नाहीं, रहस्य नाहीं. गैरसमज, सोंगें, उलटापालट हा अत्र्यांचा हातखंडा येथें सर्वस्वी निरुपयोगी! कवींच्या हळवेपणाची टर उडविणाऱ्या या लेखकानें हळवेपणाचा मोठा आरोप ज्यावर येऊं शकेल असें पुस्तक निवडलें, आणि त्याचें दिग्दर्शनहि स्वतःच केलें. त्यांनीं प्रसंगांना ओढूनताणून गांठी मारल्या नाहींत, हें त्यांचें खरें शहाणपण. पोहण्यास भिऊन लपलेल्या श्यामला आई शिंपटीनें मारते. वळ पाहून रडते तीहि तीच. ‘सिकंदर’ मध्यें रुखसाना झालेल्या वनमाला येथें कोंकणांतील दरिद्री गृहिणी झाल्या. श्यामची भूमिका माधव वझे यांची. राष्ट्रीय पारितोषिकें १९५४ सालीं प्रथमच देण्यांत आलीं, तेव्हां कथाचित्रासाठीं असलेलें राष्ट्रपतींचें सुवर्णपदक या मराठी चित्राला मिळालें. तें पाहण्यास गुरुजी उरले नव्हते; १९५० च्या जूनमध्येंच ते गेले होते. स्वतःच्या कल्पनेंतून इतकीं कथानकें काढणाऱ्या अत्र्यांचें सर्वांत टिकाऊ चित्र दुसऱ्याच्या पुस्तकावर उभें आहे, हें नमूद करणें प्राप्त आहे.

पाठोपाठ ‘महात्मा फुले’ आलें. एका शिक्षकानें दुसऱ्या शिक्षकावर काढलेलें हें चित्र. जोतीरावांची भूमिका बाबूराव पेंढारकरांची, म्हणजे हंस पिक्चर्सच्या मूळ भागीदारांपैकीं एकाची. त्याला मराठी चित्रांतील रौप्यपदक मिळालें. १९५६ च्या नोव्हेंबरांत ‘मराठा’ दैनिक निघालें, आणि अत्र्यांची लेखणी तिकडे वळली.